हात कधी काढायचा

"हा गुलाब नाही. हा खुंट आहे."

आप्पांनी कुंडी चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि निकाल दिला. ताईनं ती डोंबिवलीहून पुण्यापर्यंत गाडीत मांडीवर धरून आणली होती. गुलाबाला फूल का येत नाही, एवढंच तिला विचारायचं होतं.

"पण जिवंत आहे ना?"

"जिवंत आहे तो खुंट. नर्सरीवाले रानटी गुलाबाचं खोड घेतात आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरतात. तुझी चांगली जात वर होती, ती केव्हाच गेली. डोळ्याच्या खालून रानफूट आली आणि तिनं कुंडी बळकावली. ती एवढीशी होती तेव्हाच मोडून टाकायची असते. तू काय केलंस?"

"बघत बसले," ताई म्हणाली. "काय भराभर वाढत होती! मजा वाटत होती."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. कोर्टात साक्षीदाराकडे पाहतात तसं.

आप्पा म्हणजे आमचे काका. सगळी नोकरी कृषी खात्यात, तीही बरीचशी विदर्भात, कापसाच्या पट्ट्यात. आता पर्वतीच्या पायथ्याशी राहतात आणि गच्चीवर गुलाब लावतात. प्रत्येक कुंडीला नंबर, प्रत्येक नंबराला वहीत पान. ऑक्टोबरात मोठी छाटणी. मग जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, त्या तारखेपासून उलटे दिवस मोजत आणखी एक हलकी छाटणी. छाटल्यापासून पंचेचाळीस ते साठ दिवसांत फूल येतं, थंडी कशी पडते त्यावर पुढेमागे. ताई माझी मोठी बहीण. मुंबईतल्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागात नर्स. तिची बाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची ग्रिल. सकाळचं तीनेक तास ऊन येतं. त्यात कढीपत्ता, गवती चहा, पानफुटी, सदाफुली आणि वर चढत गेलेली मायाळू. ही मायाळू तिनं लावलेली नाही. बुलबुल तिची जांभळी फळं खातात आणि बी टाकून जातात.

"आप्पा, मी तिथं काही पिकवायला जातच नाही," ताई म्हणाली. "ड्युटीवरून येते, चहा घेते आणि ग्रिलपाशी बसते. आज काय नवीन आलंय ते बघते. पान उलटून बघते. पाणी घालावंसं वाटलं तर घालते. अर्धा तास जातो. डोकं रिकामं होतं."

"मग सारसबागेत जाऊन बाकावर बस की! झाडं पोसायला महापालिका आहे."

"ती माझी झाडं नाहीत."

"हां! म्हणजे हक्क पाहिजे, काम नको."

मला वाटलं, इथंच वाद संपणार. पण ताई वाक्यावरून हटणारी नाही आणि आप्पांच्या हातात सिकेटर होतं. छाटणी करताना त्यांचं तोंड जास्त चालतं.

त्यांची छाटणी मात्र बघण्यासारखी असते. आधी मेलेल्या काड्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग आत वाकलेल्या. उरलेल्या काडीवर ते बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधतात. बऱ्याच वेळा बोटानं चाचपूनच, कारण तो फुगलेला नसेल तर नजरेला सापडत नाही. मग त्याच्या वर पाव इंच सोडून तिरका काप. काप आत पांढराशुभ्र दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली. मग मोरचूद आणि चुन्याची पेस्ट, लहान ब्रशनं, फक्त कापावर. एका झाडाला वीस मिनिटं लागली तरी चालतील. त्या वीस मिनिटांत फोन वाजला तरी ते उचलत नाहीत.

ताईनं हे पाहिलं. "आता तुमचं बीपी मोजलं असतं तर छान निघालं असतं," ती म्हणाली. "पण गेल्या डिसेंबरात मी आले होते तेव्हा भुरी पडली होती गुलाबांवर. तेव्हा मोजायला नको होतं. काकू सांगत होती, तीन दिवस घरात कुणाशी धड बोलला नाहीत."

"प्रदर्शन तोंडावर होतं."

"तेच तर! खात्यात टार्गेट होतं, ते आता गच्चीवर आणलंत."

आप्पा हसले, पण कात्री थांबली. या गोष्टीवर त्यांच्याकडे उत्तर होतं आणि ते बहुतेक बरेच दिवस तयार होतं.

"हे निवांत बागकामाचं खूळ हल्ली फार झालंय. व्हिडिओ बघतो ना मी. पांढरे कपडे घालून मातीत बसतात, नखात कणभर माती नाही. श्वासाकडे लक्ष द्या म्हणे, रोपाशी बोला म्हणे. अगं, ज्याच्या घरी पहिल्या तारखेला पगार येतो त्याला परवडतं हे. कापूसवाल्याला जाऊन सांग, बोंडअळी आलीय तिच्याकडे शांतपणे बघत बस. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले, मजूर गेले. हौस म्हणून गेले होते का ते फवारायला? मी त्या शिवारांत वर्षानुवर्षं फिरलोय. झाडाकडे नुसतं बघणं ही चैन आहे."

गच्चीवर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मुद्दा खरा होता, आणि तो मांडणाऱ्याला मांडायचा हक्कही होता. पण मला मनात वाटत होतं की आप्पा शेतकऱ्याला जरा सोयीनं पुढे करताहेत. गच्चीवरच्या 'डबल डिलाइट' गुलाबावर कुणाचं कर्ज नसतं.

ताईनं नेमकं तेच पकडलं. "आप्पा, मी शेती करत नाही. तुम्हीही आता करत नाही. शेतकऱ्याला भीती बाळगावीच लागते, पोट आहे. ज्याला ती बाळगावी लागत नाही त्यानं ती विकत का घ्यायची? माझी मायाळू मेली तर मी भाजीवालीकडून जुडी आणीन. माझं काय जाणार?"

"मायाळूचं काय जाणार ते विचार. ती जीव आहे. तुझा छंद आहे की धंदा, तिला काय ठाऊक?"

हा वार बरोबर बसला. ताई गप्प झाली. मग तिनं वेगळीच वाट धरली.

"आम्हाला एक संशोधन नेहमी सांगतात. रॉजर उल्रिच नावाचा माणूस, १९८४ साली 'सायन्स'मध्ये छापून आलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट. तेवीस जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि तेवीस जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. नुसत्या बघण्यानं, आप्पा! कुणी कात्री हातात घेतली नव्हती."

आप्पांनी पेस्टचा डबा खाली ठेवला. "त्या झाडांना पाणी कोण घालत होतं?"

"म्हणजे?"

"इस्पितळाच्या आवारातली झाडं म्हणजे कुणीतरी लावली, कुणीतरी जपली. पेशंट बघत होते म्हणून बरे झाले, ठीक. पण झाडं बघण्यालायक कुणी ठेवली? सगळेच खिडकीत बसले तर बाहेर विटांची भिंतच राहील."

मला हे उत्तर फार आवडलं, आणि ताईलाही आवडलेलं दिसलं, कारण ती हरल्यासारखी न दिसता पुढे सरसावली. "मग दुसरं ऐका. नेदरलँड्समधलं, २०११ चं. स्वतःचा भाजीचा वाफा असलेली तीस माणसं. आधी त्यांना मुद्दाम ताण येईल असं काम दिलं. मग निम्म्यांना अर्धा तास आपल्या वाफ्यात काम करायला लावलं आणि निम्म्यांना आत बसून वाचायला. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दोन्हीकडे उतरलं, पण वाफ्यात काम करणाऱ्यांचं जास्त. मूडही त्यांचाच पुरता सुधारला. म्हणजे काम करूनही डोकं शांत होतं, तुमचंच म्हणणं. पण त्या अर्ध्या तासात त्यांना कुणी निकाल विचारला नव्हता."

"मीही रोज विचारत नाही."

"वही विचारते ना!"

वहीचा विषय निघाला की आप्पा चिडतात. या वेळी चिडले नाहीत. त्यांनी ती आणायला मला खाली पाठवलं.

वही म्हणजे जुनी हिशेबाची लांब वही. मी पानं उलटली. खत, पाणी, छाटणीच्या तारखा होत्याच. पण समासात भलत्याच नोंदी होत्या. 'नं. ९ : मावा. ढालकिडा दिसला. फवारलं नाही.' चार दिवसांनी: 'ढालकिड्याच्या अळ्या. मावा निम्मा.' पुढे: 'मावा नाही.' एका पानावर नुसतंच 'आज काही नाही केलं. बघितलं.'

ताईनं ते वाचलं आणि वही माझ्याकडे परत दिली, काही न बोलता. आप्पांनीच स्पष्टीकरण द्यायला घेतलं.

"त्याला कारण आहे. कापसावर आम्हीच औषधं सांगायचो एके काळी. मारली फवारणी की किडीबरोबर तिला खाणारे मित्रकीटकही मरतात. कीड लवकर परत येते, मित्रकीटक उशिरा. मग पुन्हा फवारा. ते चक्र मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे आता मावा दिसला की आधी पान उलटून बघतो, कुणी खायला आलंय का. ढालकिड्याची अळी काळी, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके. लोक तिलाच कीड समजून चिरडतात."

"म्हणजे पान उलटून बघण्यात तुम्हीही वेळ घालवता."

"ते निरीक्षण आहे."

"मी करते ते काय आहे?"

"तू बघतेस, पण काय बघायचं ते तुला ठाऊक नाही. रानफूट बघत बसलीस!"

इथं ताईनं कढीपत्त्याची गोष्ट सांगितली. एका सकाळी तिला पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली. पुसायला गेली तर ती हलली. अळी होती. चार-पाच दिवसांत तिनं कात टाकली आणि हिरवीगार झाली. बोट लावलं तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सोडला. ताईनं तिला राहू दिलं. कढीपत्त्याच्या निम्म्या काड्या बोडक्या झाल्या, शेजारीण हसली. मग अळी ग्रिलच्या गजाला चिकटली, कोष झाला आणि एका रविवारी त्यातून काळं फुलपाखरू निघालं. पंख वाळेपर्यंत बराच वेळ गजावरच लटकत होतं. "आमटीत पंधरा दिवस बाजारचा कढीपत्ता घातला," ताई म्हणाली. "पण त्या रविवारी मी ड्युटीवर गेले तेव्हा दिवसभर वॉर्डात काहीही झालं तरी मला राग आला नाही."

"लिंबावर पडते तीच जात," आप्पा म्हणाले. "लिंबू, कढीपत्ता, बेल सगळे एकाच कुळातले. आपलं राज्य फुलपाखरू, राणी पाकोळी, तिच्याही अळ्या लिंबावरच वाढतात. एक अळी ठीक आहे. कुंडीतल्या लिंबावर पाच सोडशील तर पान उरणार नाही."

"मग पाच झाल्या तर चार उचलून खालच्या बेलावर सोडीन. आमच्या सोसायटीत आहे बेल."

"फवारणार नाहीस?"

"तुम्ही तरी फवारलं होतं का नऊ नंबरला?"

मी इथं माझं घोडं दामटलं. फुकुओका वाचलेले लोक ही संधी सोडत नाहीत. मासानोबु फुकुओका, जपानचा, मूळचा वनस्पतिरोगतज्ज्ञ, योकोहामाच्या बंदरावर रोपं तपासायच्या नोकरीत होता. ती सोडून गावी गेला, न नांगरता, खतं-औषधं न घालता शेती केली. त्याचं पुस्तक १९७५ साली आलं, १९८८ साली मॅगसेसे मिळालं. "काही न करण्याची शेती म्हणतात तिला," मी म्हटलं. ताईच्या बाजूनं बोलतोय असं मला वाटत होतं.

"पुस्तक पुरतं वाचलंस का?" आप्पा म्हणाले. "वडिलांच्या संत्र्याच्या बागेत त्यानं आधी काय केलं? छाटणी बंद. निसर्गावर सोडून दिलं. फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली, बाग वाळली. त्यालाच मग म्हणावं लागलं की याला नैसर्गिक शेती म्हणत नाहीत, वाऱ्यावर सोडणं म्हणतात. ज्या झाडाला आधी माणसाचा हात लागलाय त्याच्यावरून एकदम हात काढून घेता येत नाही. आणि कुंडी? कुंडीइतका माणसाचा हात कशाला लागलाय? मुळं खाली जाऊ शकत नाहीत, ओल शोधू शकत नाहीत. कुंडीतलं रोप म्हणजे तुझ्या अतिदक्षता विभागातला पेशंट. तू देशील ते पाणी, तू देशील तो श्वास."

ताईला हे लागेल असं मला वाटलं. ती उलट खूश झाली. आप्पांनी तिला तिच्या घरच्या मैदानात बोलावलं होतं.

"आता मी सांगते. नवीन नर्स आली की काय करते माहितीये? रात्रभर पेशंटला हात लावते. आता बीपी, मग पंधरा मिनिटांनी कूस बदल, मग औषध, मग चादर. प्रत्येक काम बरोबर, पण पेशंटचा डोळा लागत नाही. न झोपलेला पेशंट बरा होत नाही, भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो. आम्हाला शिकवतात, जमतील ती कामं एकत्र करा, एकदाच, नीट. मग दिवा मंद करा आणि हात काढून घ्या. पण मॉनिटरवरची नजर काढायची नाही. ही नजर यायला वर्षं लागतात, आप्पा. जुनी सिस्टर खुर्चीत बसलेली असते, काही करत नाही असं वाटतं, आणि अलार्म वाजायच्या आधी उठते."

आप्पा पुढच्या कुंडीकडे वळले नाहीत. "कुंडीतली झाडं पाण्यावाचून मरतात त्याहून जास्त पाण्यानं मरतात," ते जरा वेळानं म्हणाले. "मुळांना हवा लागते. माती सतत भिजलेली ठेवली की मुळं कुजतात, मग पानं पिवळी पडतात आणि माणूस म्हणतो, तहानलंय बिचारं, आणि आणखी पाणी घालतो. प्रेमानं मारलेली झाडं मी फार बघितलीत. बोट दोन पेरं मातीत घालायचं. ओलं लागलं तर झारी ठेवून घरात जायचं. लोकांना हे जमत नाही. झारी भरून आणलीय ना!"

"घरात कशाला जायचं? बसायचं तिथंच."

"बस. पण बोट घालून मग बस."

या घडीला दोघं एकाच ठिकाणी येऊन उभे होते असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. आप्पांसाठी बोट ही तपासणी होती आणि ताईसाठी ती मातीत बोट घालण्याची मजा होती, आणि पुढचा अर्धा तास त्यांनी याच फरकावर घालवला. प्रदर्शनात परीक्षक पाकळ्यांची ठेवण बघतात, देठ बघतात. ताई म्हणाली, पाकळी चुकली म्हणून फूल कमी होतं का? आप्पा म्हणाले, डॉ. बी. पी. पाल गव्हाचे केवढे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक, आणि तेच गुलाबाच्या नव्या जाती करत बसायचे. कस लावण्यातही आनंद असतो, तो काय फक्त ढिलाईतच असतो? मला आप्पांचं हे पटलं. एखादी गोष्ट उत्तम करण्याच्या हट्टातही एक शांतता असते. ती छाटणीच्या वीस मिनिटांत मी बघत होतोच. ती बिघडते डिसेंबरात, तारीख डोक्यावर बसली की. आणि ताईची शांतता बिघडते ती चुकीचं झाड घरी आणलं की.

हे दुसरं आप्पांनीच बोलून दाखवलं. "तीन तासांच्या उन्हात गुलाब आणलास कशाला? त्याला पाच-सहा तास तरी पाहिजेत. तिथं तो आजारीच राहणार आणि तुला निवांत बसू देणार नाही. नर्सरीत फुललेला दिसला, उचलला. पानफुटी, सदाफुली, गवती चहा, मायाळू यांना तुझ्यावाचून चार दिवस काढता येतात. निवांत राहायचं तर तसली झाडं निवड. आणि ग्रिलवर मातीच्या मोठ्या कुंड्या नकोत. एक घनफूट ओली माती पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. कोकोपीट आणि पानांचं खत जास्त घाल, माती कमी. वर वाळलेल्या पाल्याचा थर दे, म्हणजे ओल टिकते."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? तू बघत होतीस."

ताई हसली. मग सौद्यावर आली. "मी तुमचं ऐकते, झाडं बदलते. तुम्ही माझं एक ऐका. या सगळ्यांतली एक कुंडी वहीतून काढा. नंबर नको, छाटणी नको. येईल ते येऊ द्या. तुम्ही फक्त बघायचं."

"कोणती?"

"तुम्ही सांगा."

"ती टाकीमागची घे. तिथं ऊनच येत नाही."

"ती नको. चांगली द्या. बारा नंबरची."

"बारा? अगं, तिच्यात परवाच शेणखत आणि निंबोळी पेंड घातलीय!"

"छान. काहीतरी झकास येईल."

"गवत येईल."

"येऊ द्या."

"आणि गाजरगवत आलं तर? काँग्रेस गवत! भारतात त्याचा बोभाटा झाला तो पुण्यातूनच, पन्नासच्या दशकात. अंगाला लागलं की खाज सुटते, एका झाडाला हजारोंनी बी धरतं, शेजारच्या सगळ्या कुंड्यांत पडेल."

ताईनं विचार केला. "ते उपटा. फुलायच्या आधी."

"म्हणजे नियम आलाच."

"एक चालेल."

"मग दुसराही ऐक," आप्पा म्हणाले आणि सिकेटर पुसून खिशात ठेवलं. "पिंपळ आला तर तोही उपटणार. गच्ची गळली तर सोसायटीच्या मीटिंगला तुला बसवीन."